चाकावरचं घर आणि लेकराची तारीख



आज आम्ही चौघी जणी बोलायला आलो आहोत. आवाज एकीचा ऐकू येईल, पण बोलणं चौघींचं आहे, म्हणून आम्ही 'आम्ही' असंच म्हणणार. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांची हकीकत सांगणार आहोत त्यांचीही नावं घेत नाही. आमचं गाव जालना जिल्ह्यातलं, दिवाळी झाली की निम्मं रिकामं होणारं. एवढं सांगितलं तरी घनसावंगी, मंठा, परतूर, अंबड या भागातल्या बायांना ओळख पटेल.

मागच्या मीटिंगमध्ये बचतीचे पैसे गोळा झाले, वहीवर सह्या आणि अंगठे झाले, आणि आमच्यातल्या एका काकूंनी फोन पुढं केला. त्यांचा पुतण्या पुण्यात शिकला आणि नोकरीला न्यूझीलंडला गेला. त्याच्या मुलीचा पाचवा वाढदिवस त्यांनी फिरतीवर असताना केला, त्याचा व्हिडिओ आला होता. त्या देशात जानेवारीत उन्हाळा असतो. सुट्टीत ती माणसं कॅम्परव्हॅन भाड्यानं घेतात आणि दोन-तीन आठवडे फिरत राहतात. कॅम्परव्हॅन म्हणजे चाकावरचं घर. आत झोपायला पलंग, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी. रात्र होईल तिथं परवानगीच्या जागी गाडी लावायची आणि आतच झोपायचं.

व्हिडिओत मोठं तळं होतं, मागं डोंगर होते. गाडीचं दार उघडं, दाराला फुगे बांधलेले. घडीच्या टेबलावर केक. आई त्या गाडीतच शिरा करत होती. लेकीला ओवाळलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लेक हसत होती.

आम्ही सगळ्या डोकं लावून बघत होतो. एकीनं विचारलं, "पाणी कुठून भरतात गं?" दुसरीनं विचारलं, "आणि बाहेर जायचं झालं तर?" काकू म्हणाल्या, त्याचीही सोय आत असते. तेव्हा आमच्या थोरल्या मावशी, ज्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत म्हणून गावी असतात, त्या म्हणाल्या, "बया, यात नवं ते काय? आपण बी घर गाडीत घालूनच जातो की."

सगळ्या खळखळून हसल्या. हसू ओसरल्यावर मावशींनीच विचारलं, "पण आपल्या लेकरांचे वाढदिवस कुठं गेले?"

त्या प्रश्नावर मीटिंग लांबली. बाया एकेक करून बोलायला लागल्या. कुणाचं लेकरू ट्रॉलीत झालं होतं, कुणाचं कोपीत, कुणाचं परमुलखातल्या दवाखान्यात. तारीख मात्र फार थोड्या जणींना सांगता आली. त्या दिवशी जे निघालं, तेच आज तुमच्यापुढं मांडतो आहोत.

ज्या बहिणी ऊसतोडीला गेल्या नाहीत त्यांच्यासाठी आधी आमची गाडी दाखवतो. उचल घेतलेली असते. मुकादम सांगतो, अमक्या दिवशी ट्रॅक्टर येईल. मग पत्र्याची पेटी भरायची. ज्वारीचं पोतं, तिखटाचा डबा, तवा, परात, घागर, गोधड्या, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री. शेळी असली तर शेळी, कोंबड्या असल्या तर टोपल्याखाली झाकून कोंबड्या. सगळं ट्रॉलीत रचायचं आणि त्या सामानावर माणसं बसायची. म्हातारं माणूस मध्ये, लेकरं कुशीत, पोटुशी बाई गोधड्यांच्या गठुड्यावर.

रात्री गाडी निघते. अंबड मागं पडतं, शहागड येतं. शहागडला गोदावरी ओलांडली की जालना जिल्हा संपला. गंगामाईला हात जोडायचे आणि सुपारी टाकायची. पुढं गेवराई, बीड, मांजरसुंबा. येरमाळ्याला येडाईच्या डोंगराकडं बघून नमस्कार, तुळजापुरात भवानीला नमस्कार, मग सोलापूर. काही टोळ्या तिथून पश्चिमेला वळतात. आमची टोळी बऱ्याचदा विजापूरवरून अथणीकडं जाते. तुमच्या मुलाबाळांना परदेश म्हणजे न्यूझीलंड, अमेरिका. आम्हाला कर्नाटक लागलं की परदेश लागतो. बसवरची पाटी वाचता येत नाही, आणि दवाखान्यात पोट कुठं दुखतं ते हातानं दाखवावं लागतं.

या वाटेवर आणि पुढच्या पाच-सहा महिन्यांत लेकरं जन्मतात, चालायला शिकतात, वर्षांची होतात. पण फडावर पहाटे तीन-चारला उठायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. एक दिवस घरी राहिलं तर खाडा लागतो. तारीख बघायला कॅलेंडर कुठं असतं? आमच्या आया म्हणायच्या, "तू झालीस तेव्हा पट्टा पडायला आठ दिवस होते," किंवा "तुझ्या वेळी चंपाषष्ठीची भाकर-भरीत खायचं राहून गेलं." आठवण पक्की असायची, तारीख नसायची.

मग शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे. तारीख नाही म्हटलं की १ जून लिहायचे. जूनमध्ये शाळा सुरू होते, त्या दिवशी सहा पुरी धरली की काम भागतं. आमच्या गटात तेरा जणी आहोत. आधारकार्डं काढून बघितली तर तेरातल्या सात जणींचा जन्म १ जूनचा निघाला. मावशी म्हणाल्या, "एकाच दिवशी सात जणी! सुईणीचा जीवच गेला असता." पुन्हा हसलो. पण पुढची हकीकत हसण्याची नाही.

आमच्यातल्या एकीची लेक कोपीतच झाली. नोंद कुठंच केली नाही. गावी आल्यावर बारसं केलं, घुगऱ्या वाटल्या, आणि आम्हाला वाटलं झालं सगळं. लेक साडेचार वर्षांची झाली तेव्हा तिला आजीपाशी ठेवून आई-बाप फडावर जायचे होते. आजीला दिवसभर सांभाळणं होत नव्हतं. शाळेत घातलं तर दुपारची खिचडी मिळेल, चार तास लेकरू एका जागी बसेल, असा विचार झाला. शाळेत आईनं सांगितलं, "सहा पुरी झाली." आमच्यातल्या दोघी साक्षीला गेल्या होत्या, त्यांनीही मान हलवली. लेक अंगानं थोराड होती. गुरुजींनी त्या हिशेबानं १ जून टाकला. एका दुपारच्या खिचडीसाठी आम्ही पोरीचं दीड वर्ष वाढवलं.

बारा वर्षांनी ते दीड वर्ष समोर आलं. तुम्हाला ठाऊक आहे, आमच्यात जोडीनं गेलं तर पूर्ण कोयता आणि एकट्याला अर्धा कोयता. उचल जोडीवर मिळते. त्यामुळं पोराचं लग्न हंगामाच्या आधी उरकलं की त्या घरात एक कोयता वाढतो. दसऱ्याच्या आधी स्थळ आलं. पोरगी खरी साडेसोळा वर्षांची. अंगणवाडीच्या ताईंना शंका आली, त्या घरी आल्या, कागद मागितला. शाळेच्या दाखल्यावर अठरा पुरी होती. ताई म्हणाल्या, "कागदावर तर बसतंय." आणि त्या परत गेल्या. त्यांना दोष कसा देणार? खरं वय आम्हाला माहीत होतं. आम्ही गप्प बसलो. त्या लग्नात आम्ही अक्षता टाकल्या आणि जेवलोही.

पोरगी त्याच हंगामात नवऱ्याबरोबर फडावर गेली. पुढच्या वर्षी बाळंत झाली तेव्हा अंगात रक्त नव्हतं, बाटल्या लावाव्या लागल्या. दोघं वाचली हे नशीब. शाळेत ती हुशार होती, पाढे तोंडपाठ होते. तिची आई मीटिंगमध्ये हे सांगताना म्हणाली, "मी तिचा एक बी वाढदिवस केला नाही. आणि जी तारीख लिहून दिली, तीच तिच्यावर उलटली." त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. आज इथं बोलणाऱ्या चौघींत तीही आहे, आणि साक्षीला गेलेल्या दोघीही आहेत. त्यांच्याच सांगण्यावरून हे आम्ही रेडिओवर बोलतो आहोत.

आता दुसरी हकीकत. ही आमच्याच टोळीतल्या एका सुनेची.

ती नऊ महिन्यांची पोटुशी होती. घरी राहा म्हटलं तर उचल जोडीची होती. गाडी निघाली, आणि धाराशिव जिल्ह्यात पहाटे तिला कळा सुरू झाल्या. १०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत वेळ नव्हता. चालत्या ट्रॉलीतच लेक झाली. ड्रायव्हरनं पुढच्या गावात ट्रॅक्टर थांबवला. लगेच रुग्णवाहिका आली, त्यातल्या डॉक्टरांनी नाळ आणि बाळ बघितलं आणि मायलेकीला सरकारी दवाखान्यात नेलं. दोघी ठणठणीत होत्या.

मुकादमाला पुढं जायची घाई होती. पण मावशी त्या वर्षी टोळीत होत्या. त्यांनी आमच्या आशाताईंकडून ऐकलं होतं की गाडीत लेकरू झालं तर पहिल्या थांब्यावर सांगायचं असतं. मावशींनी ड्रायव्हरला हाताला धरून त्या गावच्या ग्रामपंचायतीत नेलं. तिथं बसलेला माणूस म्हणाला, "तुम्ही जालन्याचे ना? मग तिकडं जाऊन नोंद करा." मावशी म्हणाल्या, "लेकरू तिकडं नाही झालं, इथं झालंय." दोघांची हुज्जत झाली. मावशी तिथल्या पायरीवर बसून राहिल्या. ग्रामसेवक आल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ड्रायव्हरची सही घेतली आणि नोंद केली. टोळीला निघायला दुपार झाली, मुकादमाची बोलणी खावी लागली. पण दाखला मिळाला.

बहिणींनो, मावशींचं म्हणणं नियमाला धरून होतं. नियम काय आहे ते नीट ऐका. जवळ मुलगा-मुलगी असेल तर लिहून घ्यायला सांगा.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे आणि तो सगळ्या देशाला लागू आहे. महाराष्ट्राला जसा, तसा कर्नाटकाला आणि गुजरातला. पहिली गोष्ट, जन्म जिथं झाला तिथंच नोंद होते. आपलं गाव कुठलं हे बघत नाहीत. दवाखान्यात जन्म झाला तर खबर देण्याचं काम दवाखान्याचं. घरात झाला तर घरातल्या कर्त्या माणसाचं. कोपीत झाला तरी मागं राहू नका, कर्त्या माणसानं त्या गावच्या ग्रामपंचायतीत जाऊन सांगायचं.

आणि चालत्या वाहनात झाला तर? त्याचाही नियम लिहिलेला आहे. वाहन ज्याच्या ताब्यात आहे, त्यानं पहिल्या थांब्यावर खबर द्यायची किंवा द्यायला लावायची. वाहन म्हणजे काय, तेही नियमात आहे: विमान, जहाज, होडी, आगगाडीचा डबा, मोटार, मोटारसायकल, गाडी-छकडा, टांगा, रिक्षा. म्हणजे आमची ट्रॅक्टरची ट्रॉली आली, टायरची बैलगाडीही आली. ती न्यूझीलंडची घरगाडी उद्या आपल्या रस्त्यावर आली आणि तीत लेकरू झालं, तर तिलाही हाच नियम.

दुसरी गोष्ट, मुदत. जन्मापासून २१ दिवसांत खबर दिली तर नोंद फुकट आणि दाखल्याची पहिली प्रतही फुकट. २१ दिवस उलटले पण ३० दिवसांच्या आत गेलात तर थोडं उशिराचं शुल्क. ३० दिवसांनंतर वर्षाच्या आत गेलात तर अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आणि वर्ष उलटलं की जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. म्हणजे पुरावे, अर्ज आणि हेलपाटे. २१ दिवसांत एक चक्कर, वर्षानंतर किती चकरा ते तुम्हीच मोजा.

तिसरी गोष्ट, नाव. बऱ्याच जणी म्हणतात, बारसं झालं नाही, नाव ठेवलं नाही, मग नोंद कशी करायची? नावाशिवाय नोंद होते. आई-बापाचं नाव, दिवस, ठिकाण, मुलगा की मुलगी, एवढं पुरे. नाव १२ महिन्यांच्या आत फुकट लिहून मिळतं. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून लिहिता येतं. सटवाई पाचव्या दिवशी नशीब लिहिते असं आपण मानतो, तिच्या पूजेला कागद-लेखणी ठेवतो. त्याच पाचवीच्या दिवशी घरातल्या पुरुषाला ग्रामपंचायतीत पाठवायचं, असं लक्षात ठेवा. म्हणजे २१ दिवस चुकायचे नाहीत.

चौथी गोष्ट नवी आहे. कायद्यात २०२३ साली बदल झाला आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून तो लागू झाला. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांसाठी शाळेत नाव घालायला, आधारला, मतदारयादीला, वाहन परवान्याला, लग्नाच्या नोंदीला, सरकारी नोकरीला, पासपोर्टला जन्माचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच. "सहा पुरी झाली" असं तोंडी सांगायचे दिवस गेले. ते गेले हे आमच्या अनुभवानं आम्हाला बरंच वाटतं. पण दाखलाच नसेल तर लेकरू दारातच अडेल, हेही खरं.

मुलगी असेल तर आणखी एक. १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी राज्य सरकारची लेक लाडकी योजना आहे. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असलेल्या घरांसाठी. जन्मल्यावर ५,००० रुपये, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षं पुरी झाल्यावर ७५,०००. सगळे मिळून १,०१,००० रुपये. अर्ज अंगणवाडी ताईंकडं द्यायचा. तिथंही पहिला कागद जन्मदाखला. अठराव्या वर्षाचे ७५,००० मिळायचे तर अठरावं वर्ष खरं मोजलेलं पाहिजे.

आता त्या ट्रॉलीत झालेल्या लेकीचा वाढदिवस ऐका. मावशींच्या प्रश्नाला आमच्यापाशी हे एक उत्तर होतं.

लेकीला सहावं लागायचं होतं तेव्हा टोळी कर्नाटकात होती. घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून लेक सोबत होती. तिची शाळा बुडत होती, ते बरोबर नाही, त्यावर पुढच्या वेळी बोलू. त्या दिवशी तोड झाली, मोळ्या बांधून झाल्या, पण भरायची गाडी लवकर लागेना. अशा वेळी आम्ही बांधावर आडव्या होतो. पण लेकीच्या आईला तारीख ठाऊक होती. तिनं सकाळीच नवऱ्याला सांगून ठेवलं होतं.

जवळच्या गुऱ्हाळातून गरम गूळ आणला. तीन दगडांवर कढई ठेवून रव्याचा शिरा केला. बापानं गावच्या दुकानातून दहा-दहा रुपयांचे केकचे चार पुडे आणले आणि परातीत जोडून मांडले. लाइट जाते म्हणून ठेवलेली जाड पांढरी मेणबत्ती मध्ये उभी केली. सहा नाही, एकच. ड्रायव्हरनं ट्रॅक्टरचे दिवे लावले आणि टेपवर गाणं लावलं. पाच जणींनी लेकीला ओवाळलं.

केक कापायची वेळ आली तर सुरी कुणाकडंच नाही. होते ते कोयते. लेक धावत जाऊन आईचा कोयता घेऊन आली. बापानं तो हातातून काढून घेतला. म्हणाला, "आज नाही. माझ्या लेकीच्या हातात आज कोयता देणार नाही." मग गोधडी शिवायचा दोरा काढला, दोन्ही टोकं लेकीच्या हातात दिली आणि दोऱ्यानं केक कापला. छान तुकडे झाले. टोळीतल्या पोरानं उसाचं एक पेर सोलून, धुऊन भेट दिलं. मुकादमानंही वीस रुपये हातावर ठेवले.

मळ्याची मालकीण गाण्याचा आवाज ऐकून आली. कन्नड बोलणारी, मराठी मोडकंतोडकं. तिनं हातानंच विचारलं, किती वर्षांची? लेकीच्या आईनं कोपीत जाऊन पेटी उघडली, प्लॅस्टिकच्या पिशवीतला दाखला आणला आणि ड्रायव्हरला वाचायला लावला. त्यानं मोठ्यानं तारीख वाचली, जन्मठिकाण वाचलं. त्या बाईनं मान हलवली, घरी गेली आणि लेकीसाठी हिरव्या बांगड्या घेऊन आली.

जन्मठिकाणाच्या रकान्यात त्या रस्त्यावरच्या गावाचं नाव आहे. ना तिचं माहेर, ना आजोळ. दर वर्षी गाडी तिथून जाते तेव्हा आई तिला उठवून दाखवते, "हे बघ, तू इथली." आता तर लेकच जागी राहते आणि बाकीच्यांना दाखवते.

हे ऐकल्यावर फोन दाखवणाऱ्या काकू म्हणाल्या, "आमच्या पुतण्याची लेक तरी काय, तारीख लिहिल्याशिवाय विमानात बसली असती का?" खरंच आहे. तिच्या पासपोर्टवर जन्मतारीख आहे, जन्मठिकाण आहे. तिच्या फुग्यांच्या आणि केकच्या आधी तो कागद झालेला आहे. आपल्याला तळं आणि डोंगर देता येणार नाहीत. फिरत्या घरात पलंग आणि पाण्याची टाकी आज तरी नाही, आणि बाईला आडोसा मिळावा म्हणून भांडायचं बाकी आहे. पण तारीख देता येते. तिला २१ दिवसांत एक पैसाही लागत नाही.

त्या मीटिंगमध्ये आम्ही काही गोष्टी ठरवल्या, त्या सांगतो आणि थांबतो. तुमच्या गटाला पटल्या तर घ्या.

एक. बचतीच्या वहीच्या मागच्या पानावर गटातल्या प्रत्येक घरातल्या लेकरांची नावं आणि खऱ्या जन्मतारखा लिहिल्या. समोर खूण केली, दाखला आहे की नाही. आमच्याकडं एकूण नऊ लेकरांचे दाखले नव्हते. कुणाचा कुठं जन्म झाला ते लिहून घेतलं आणि आता एकेकाचं काम हातात घेतलं आहे. दोघांची नोंद दवाखान्यात झालेलीच होती, आपण दाखला आणायला गेलोच नव्हतो.

दोन. दसऱ्याच्या आधीच्या मीटिंगमध्ये कोण पोटुशी आहे ते बघायचं. शक्यतो तिनं घरीच राहावं, त्यासाठी गटातून कर्ज द्यायची आमची तयारी आहे. जावंच लागलं तर तिच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, दोघांची आधारकार्डं आणि रेशनकार्डाची झेरॉक्स, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. आशाताईंना सांगून जायचं. कळा सुरू झाल्या की १०८.

तीन. प्रत्येक टोळीतल्या एका बाईवर नोंदीची जबाबदारी. ड्रायव्हरला आणि मुकादमाला निघायच्या आधीच सांगून ठेवायचं, की वाटेत लेकरू झालं तर पहिल्या थांब्यावर तुमची सही लागेल.

चार. लेकराचं वय वाढवून सांगायचं नाही. खिचडीसाठी नाही, कशासाठीच नाही. आणि ज्या पोरीचं खरं वय आम्हाला माहीत आहे, तिच्या लग्नाची बोलणी अठराच्या आत निघाली तर अक्षता टाकायला जायचं नाही. आधी घरच्यांशी बोलायचं. ऐकलं नाही तर ग्रामसेवकाला सांगायचं, किंवा १०९८ वर फोन करायचा. हा ठराव करताना दोघी-तिघी गप्प होत्या. भावकीत वाईटपणा येतो, हे खरं आहे. तरी शेवटी सगळ्यांनी सही केली. पहिली सही त्या लेकीच्या आईनं केली.

पाचवी गोष्ट मावशींनी काढली. "लेकरांचं झालं, पण आम्हा म्हाताऱ्यांचं काय? आम्हाला कुणी ओवाळायचं?" त्यांचा खरा दिवस आता कुणालाच सांगता येणार नाही. मग विचार केला की सगळ्या जणी घरी कधी असतात? पट्टा पडून गावी आल्यावर, पेरणीच्या आधी, म्हणजे मे महिन्यात. आपला जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. जिल्ह्यालासुद्धा जन्मतारीख आहे, आणि ती अशा दिवसांत येते की सगळ्या घरी असतात. म्हणून ज्या बायांना आपली तारीख ठाऊक नाही, त्या सगळ्यांचा वाढदिवस आम्ही १ मे ला करणार. जुनी माणसं म्हणतात, जालना सोन्याचा पाळणा. त्या पाळण्यात आम्हालाही एक दिवस बसू द्या, असं मावशी म्हणाल्या.

शिरा करणार आहोत, गुळाचाच. काकूंच्या पुतण्यानं फुगे पाठवायचं कबूल केलं आहे, पण फुगे आपल्या अंबडच्या बाजारातही मिळतात. केक मात्र दोऱ्यानं कापणार. त्यासाठी ती सहा वर्षांची लेक येणार आहे, तिला आता चांगली सवय आहे.

तुमच्या गटाच्या पुढच्या मीटिंगला वहीचं मागचं पान उघडा आणि लेकरांच्या तारखा लिहायला घ्या. ज्या लेकराच्या नावापुढं खूण होणार नाही, त्याचं काम त्याच आठवड्यात सुरू करा.